हौसेला मोल नसते. मग ती विकायची कशी?

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. हौसेने सजविलेली मोटारसायकल विकायला काढली की या म्हणीचा दुसरा, थोडा बोचरा अर्थ ध्यानात येतो. ज्या वस्तूंसाठी आपण पगारातून पैसे बाजूला काढले, रविवारच्या रविवार नाना पेठेत हेलपाटे घातले, त्या वस्तूंना गिऱ्हाईक खरोखरच मोल देत नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, फॉगलाइटकडे बघतो, सायलेन्सरवर बोट ठेवतो आणि विचारतो, ‘काका, ओरिजिनल सायलेन्सर आहे ना?’

हे सारे मी जवळून पाहिले ते माझ्या भाच्यामुळे. त्याच्याकडे साडेतीनशे सीसीची मोटारसायकल होती. नोकरीनिमित्त परदेशी जायचे ठरले आणि हातात जेमतेम सहा आठवडे उरले. गाडी विकायला काढताना त्याने हिशेब मांडला तो असा : बाजारभावाने गाडीचे एक लाख दहा हजार आणि तिच्यावर घातलेल्या एक्कावन्न हजारांच्या सामानापैकी निदान पंचेचाळीस हजार, एकूण एक लाख पंचावन्न हजार. त्या सामानात लेगगार्ड होता, सॅडल स्टे आणि बॅगा होत्या, फॉगलाइटची जोडी, बाहेरून घेतलेला सायलेन्सर, रुंद सीट, बॅकरेस्ट, वेगळा हँडलबार आणि चौदा हजारांची अलॉय व्हील्स. सगळ्यांची बिलेही त्याने जपून ठेवली होती. पहिल्या तीन आठवड्यांत सात जण गाडी पाहून गेले. सर्वांत मोठी बोली आली पंचाण्णव हजारांची. म्हणजे एकही वस्तू न बसविता गाडी होती तशी ठेवली असती, तर जो भाव आला असता त्याहूनही कमी.

असे का व्हावे? भाच्याला वाटले, गिऱ्हाईक अडवून पाहत आहेत. तसे नव्हते. घेणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले की त्याचे वागणे समजते. जुनी गाडी घेणारा माणूस मुळात भित्रा असतो. त्याला गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. त्यामुळे जे दिसते त्यावरून जे दिसत नाही त्याचा तो अंदाज बांधतो. लेगगार्ड वाकलेला दिसला की गाडी पडली असणार; सॅडल स्टे दिसला की ती लडाखला जाऊन आली असणार; मोठ्या आवाजाचा सायलेन्सर दिसला की मालकाने ती पिळून काढली असणार. यातले काहीच खरे नसेलही. माझा भाचा लडाख सोडाच, महाबळेश्वरच्या पुढे फारसा गेला नव्हता. परंतु सजावटीने गाडीविषयी एक कथा सांगितली होती आणि ती कथा विकणाऱ्याच्या विरोधात जात होती.

दुसरे कारण आवडीनिवडीचे. आपल्याला जो हँडलबार ऐटदार वाटतो तो दुसऱ्याच्या मनगटांना त्रास देतो. रुंद सीट उंच माणसाला सुखाची, ठेंगण्याचे मात्र पाय टेकत नाहीत. घेणाऱ्याच्या दृष्टीने न आवडलेली वस्तू ही भेट नसते, ते काढून टाकण्याचे काम असते आणि त्या कामाचे पैसे तो मनातल्या मनात किमतीतून वजा करीत असतो.

वायरिंगची भीती

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे : विजेची जोडणी. अनुभवी मेकॅनिक बरोबर घेऊन येणारा गिऱ्हाईक सीट उचलून आधी वायरी पाहतो, ते उगाच नव्हे.

फॉगलाइटचे उदाहरण घेऊ. जुन्या पद्धतीचे ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे बसविले तर एकूण भार ११० वॉट होतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर याचा अर्थ नऊ अँपिअरहून अधिक प्रवाह. हँडलवरचे बटण आणि त्यामागची बारीक वायर एवढ्या प्रवाहासाठी केलेलीच नसते. म्हणून योग्य जोडणीत बॅटरीपासून दिव्यांपर्यंत जाड वायर स्वतंत्र येते, वाटेत फ्यूज असतो आणि बटण केवळ रिलेला इशारा देते. मोठा प्रवाह वाहतो तो रिलेमधून. परंतु अनेक ठिकाणी वेळ वाचविण्यासाठी हेडलाइटची वायर सोलून तिथेच जोड दिला जातो आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली जाते. पहिला पावसाळा तो जोड काढतो. दुसऱ्या पावसाळ्यात चिकटपट्टीखाली हिरवट गंज धरतो, बॅटरी विनाकारण उतरू लागते, कधी वायर तापून आवरण वितळते. आजचे एलईडी दिवे वीस-वीस वॉटचे असले तर प्रवाह साडेतीन अँपिअरच्या आतच राहतो. म्हणून धोका कमी, पण जोड कच्चा असेल तर तो कच्चाच.

शिवाय १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाल्यानंतरच्या मोटारसायकलींत इंधन किती जावे, ठिणगी कधी पडावी हे सारे संवेदक आणि संगणकीय नियंत्रक मिळून ठरवितात. अशा गाडीत वायर कुठेही सोलून जोड देणे म्हणजे आजार ओढवून घेणे होय. त्यातून उद्भवणारा दोष शोधायला मेकॅनिकचा अर्धा दिवस जातो आणि कित्येकदा तो सापडतही नाही. घेणारा घाबरतो तो या अर्ध्या दिवसाला.

यावरून विकणाऱ्याने एक गोष्ट अवश्य करावी. दिवे, मोबाइल चार्जर, जोरकस हॉर्न असे जे काही विजेवर चालणारे असेल त्याची जोडणी एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी. रिले आणि फ्यूज असतील तर ते गिऱ्हाइकाला सीट उघडून दाखवावेत. नसतील तर जोडणी पूर्ण काढून मूळ वायरिंग पूर्ववत करावे. सोललेल्या वायरी नुसत्या सीटखाली कोंबून ठेवणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण त्या सापडल्या की पुढच्या बोलण्यातला विश्वासच संपतो.

माळ्यावरचे खोके

सजविलेल्या गाडीचा सर्वांत मौल्यवान सुटा भाग कोणता, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन, माळ्यावरचे खोके. बदल करताना काढून ठेवलेले मूळ सामान ज्या खोक्यात असते ते. मूळ सायलेन्सर, मूळ सीट, आरसे, इंडिकेटर, हँडलबार, चाके आणि मागच्या चाकाला असलेली ती जाळी, जिला सारेच ‘साडीगार्ड’ म्हणतात. तरुण मंडळी नवी गाडी घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात काय काढत असतील, तर हा साडीगार्ड! ‘लुक जातो’ ही तक्रार. वस्तुतः केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडायला मूठ आणि पाय ठेवायला आधार तर हवाच, शिवाय कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षणही हवे. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊन होणारे अपघात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या नियमाचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

भाच्याची अडचण अशी झाली की चाके आणि सीट माळ्यावर होती. सायलेन्सर मात्र ज्या गॅरेजात नवा बसविला तिथेच त्याने ‘तुम्हीच ठेवा’ म्हणून सोडून दिला होता. मूळ सायलेन्सर नव्याने घ्यायला साडेपाच हजार रुपये पडले. तरी ही गाडी जुन्या निकषांची होती. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सर जोडणीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करण्यासाठी त्यात प्लॅटिनम गटातील मौल्यवान धातू वापरलेले असतात आणि त्यामुळे तो भाग महाग असतो. तो भंगारात देणाऱ्याला आपण काय दिले याची कल्पना नसते. घेणाऱ्याला बहुधा असते.

कायदा काय म्हणतो

सायलेन्सर परत बसविण्याचा खर्च करावाच कशाला, असा प्रश्न भाच्यानेही केला होता. नव्या मालकाला आवाज आवडत असेल तर काय बिघडले? बिघडते, आणि ते दोघांचेही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरविलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अधिक स्पष्ट केली आणि उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध बदल केलेली वाहने नोंदणीस पात्र नाहीत असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातील कलम १८२-अ बदलले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द ध्यानात घेण्यासारखे आहेत. ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या निकषांचा भंग झाला तर कलम १९० वेगळे लागते. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन परवाना तीन महिने हातचा जातो. मुंबई-पुण्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांतून पाहिलीच आहेत.

याचा अर्थ मोबाइल अडकविण्याचा स्टँड बसविला म्हणून कुणी तुरुंगात जाईल असा नव्हे. बॅकरेस्ट, बॅग अडकविण्याचे सांगाडे, सीटचे आवरण अशा नट-बोल्टने लागणाऱ्या आणि निघणाऱ्या वस्तूंनी नोंदणी प्रमाणपत्रातील एकही नोंद बदलत नाही. सायलेन्सर, इंजिनाची क्षमता, सांगाड्याची लांबी किंवा जोड, गाडीचा रंग यांची गोष्ट वेगळी. रंगाची नोंद प्रमाणपत्रात असते. काळी गाडी हौसेने लष्करी हिरवी करून घेतली आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाला कळविलेच नाही, तर हस्तांतराच्या वेळी कागद आणि गाडी एकमेकांना ओळखत नाहीत. आकड्यांची वळणे बदलून ‘दादा’ किंवा ‘बॉस’ लिहिलेली नंबरप्लेटही विकण्यापूर्वी उतरवावी. तसेही १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही महाराष्ट्रात आता उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक केलेली आहे आणि ती नसेल तर मालकी हस्तांतरासारखी कामे अडतात. तेव्हा जाहिरात देण्याआधीच ती बसवून घेतलेली बरी.

काय ठेवायचे, काय काढायचे

आम्ही शेवटी गाडी गॅरेजात नेली आणि एका दुपारी ती जवळपास शोरूममधून निघाली होती तशी केली. मजुरीचे दीड हजार झाले. लेगगार्ड, सॅडल स्टे आणि बॅकरेस्ट तेवढे राहू दिले. या तीन वस्तू काढून वेगळ्या विकल्या तर हाती फारसे काही लागत नाही, त्यांच्या खुणा मात्र सांगाड्यावर दिसत राहतात. आणि घेणाऱ्याला त्या उपयोगाच्या वाटतात. चांगल्या स्थितीतले टायर आणि नवी बॅटरी यांचेही असेच आहे. यांना कुणी ‘ॲक्सेसरी’ म्हणत नाही, परंतु भावात खरी भर घालतात ती हीच. कारण ती बदलण्याचा खर्च घेणाऱ्याचा वाचतो.

बाकीचे सामान सुटे विकले. इथे एक गंमत अनुभवाला आली. जो माणूस पूर्ण गाडी घ्यायला येतो त्याला फॉगलाइटची किंमत शून्य वाटते; परंतु जो केवळ फॉगलाइटच शोधत असतो तो निम्म्याहून अधिक किंमत आनंदाने देतो. त्याला नेमके तेच हवे असते, त्याच मॉडेलसाठी हवे असते आणि नव्याची किंमत त्याला पाठ असते. फॉगलाइट वायरिंगसकट चार हजारांना गेले, बॅगा तीन हजारांना, सीट दोन हजारांना, अलॉय व्हील्स आठ हजारांना. मिळून सतरा हजार. बाहेरून घेतलेला सायलेन्सर मात्र विकला नाही. रस्त्यावर वापरणे बेकायदा असलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, हे भाच्यालाच पटले नाही. तो अजून माळ्यावर आहे.

गाडी गेली एक लाख बारा हजारांना. सतरा हजार मिळवून एक लाख एकोणतीस. त्यातून सायलेन्सरचे साडेपाच आणि मजुरीचे दीड हजार वजा केले तर एक लाख बावीस हजार. सर्व सामानासह आलेल्या बोलीपेक्षा सत्तावीस हजार अधिक. एक्कावन्न हजारांपैकी फारच थोडे परत आले हे खरे, आणि तेवढ्यावर भाच्याने समाधान मानले. तीन वर्षे ते सारे त्याने वापरले होते हेही विसरून चालणार नाही.

प्रत्येकाने असेच करावे असे नाही. हाती वेळ नसेल, मूळ सामान नसेल, तर आहे तशी गाडी द्यावी लागते. मात्र त्या वेळी जाहिरातीत सामानाची बेरीज मांडू नये. बाजारभाव आधी सांगावा, नंतर सामान कोणते आहे ते लिहावे आणि ‘नको असल्यास काढून देऊ’ हे वाक्य जोडावे. या एका वाक्याने घेणाऱ्याची निम्मी भीती जाते. ‘शोरूम कंडिशन’, ‘सिंगल हँड’, ‘एकदा पाहाच’ ही भाषा सगळ्यांनीच वाचून वाचून गुळगुळीत झाली आहे. त्यापेक्षा शेवटचे सर्व्हिसिंग कधी झाले, टायर कोणत्या वर्षाचे आहेत, कुठे ओरखडा आहे, हे लिहिले तर फोन कमी येतात. येतात ते मात्र खऱ्या गिऱ्हाइकांचे.

ओएलएक्ससारख्या संकेतस्थळांवर जाहिरात दिली की पहिले फोन बहुधा भामट्यांचे असतात. ‘मी लष्करात आहे, गाडी न पाहताच घेतो, विसार पाठवतो, एवढा कोड स्कॅन करा.’ पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. गाडी चालवून पाहायला देताना परवाना पाहावा आणि शक्यतो आपण मागे बसावे. निदान तो ज्या गाडीने आला तिची किल्ली आपल्याकडे असावी. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रामाणिक माणूस स्वतःहूनच किल्ली पुढे करतो.

नाव उतरेपर्यंत गाडी आपलीच

आमच्या सोसायटीतील एका निवृत्त गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी मुलाची दीडशे सीसीची मोटारसायकल एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला दिली. मोटारसायकल त्यांच्याच नावावर होती. व्यापाऱ्याने रोख पैसे मोजले, कोऱ्या अर्जांवर सह्या घेतल्या आणि ‘ट्रान्सफरचं मी बघतो, काका’ असे सांगितले. दीडेक वर्ष काहीच झाले नाही. मग सिग्नल तोडल्याची चलाने मोबाइलवर येऊ लागली. ती त्यांनी निमूटपणे भरली, हे विशेष! त्यानंतर एका रात्री दुसऱ्या जिल्ह्यातील पोलीस ठाण्यातून फोन आला. त्यांच्या नावावरच्या मोटारसायकलीने एका पादचाऱ्याला उडविले होते आणि विमा संपलेला होता. गाडी दरम्यान किती हातांतून गेली हे त्यांना सांगता येईना. व्यापाऱ्याचे दुकानही तिथे राहिले नव्हते. विक्रीचा एकही कागद नाही, रक्कम रोखीने घेतलेली. सत्तरीला आलेल्या त्या गृहस्थांना पुढे किती तारखांना दुसऱ्या गावी जावे लागले याची मोजदाद त्यांच्या पत्नीने ठेवली आहे.

‘गाडी मी विकली होती’ हा बचाव पुरेसा ठरत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात नेमका हाच प्रश्न तपासला. त्यातली मोटार मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती, पुढे तिचे आणखी व्यवहार झाले आणि अपघात घडला २००९ मध्ये. नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहिलेली. नोंदणीत ज्याचे नाव तो कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्ताने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही, हे त्यामागचे तत्त्व. विकणाऱ्याला ते कठोर वाटेल. जखमी माणसाच्या बाजूने पाहिले तर ते न्याय्यच आहे.

म्हणून कलम ५० चे कालावधी ध्यानात ठेवावेत. खरेदीदार त्याच राज्यातील असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत हस्तांतराची सूचना नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर पंचेचाळीस दिवसांत, आणि तिथे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. घेणाऱ्यालाही तीस दिवसांत कळवावे लागते. नमुना २९ म्हणजे हस्तांतराची सूचना, नमुना ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. दोन्हींवर खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नये. आमच्या शेजाऱ्यांनी केलेली चूक तीच. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटले एवढे पुरत नाही. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन नोंदणीतील बोजा उतरवून घ्यावा लागतो. अर्ज आता ‘परिवहन’ या संकेतस्थळावर भरता येतो, शुल्कही किरकोळ असते. तरी लोक टाळाटाळ करतात याचे मला नवल वाटते. थकीत चलाने आणि प्रदूषण प्रमाणपत्र आधीच पाहून घ्यावे, म्हणजे ऐन वेळी खोळंबा होत नाही.

व्यापाऱ्यामार्फत विक्री करणाऱ्यांसाठी एक चांगली सुधारणा झाली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी अधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिल्याची विहित सूचना झाली की तिची जबाबदारी त्याच्याकडे जाते. तेव्हा व्यापाऱ्याकडे गेल्यावर भाव विचारण्याआधी हे पत्र आहे का ते विचारावे.

विम्याबाबतही गैरसमज पुष्कळ. गाडी विकली की त्रयस्थ व्यक्तीच्या भरपाईचे संरक्षण कलम १५७ नुसार आपोआप नव्या मालकाकडे जाते. त्याने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप जात नाही, ते नावावर करून घ्यावे लागते. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून माणसाचा असतो. विकणाऱ्याने कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घेऊन ठेवले तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला ती सवलत मिळते. हप्त्यात ही सवलत पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि ‘विमा गाडीबरोबर दिला’ असे म्हणत बरेच जण ती नकळत सोडून देतात. विजेवर चालणारे सामान विम्यात स्वतंत्रपणे नोंदविलेले नसेल तर त्याचा दावा मिळत नाही, हेही घेणाऱ्याला मोकळेपणाने सांगावे.

गाडी हवाली करताना साध्या कागदावर दोन प्रतींत पावती करावी. तीत नोंदणी क्रमांक, इंजिन आणि चासी क्रमांक, किलोमीटरचा आकडा, रक्कम आणि ती कशी मिळाली, गाडीबरोबर दिलेल्या सामानाची यादी आणि तारखेबरोबर वेळही लिहावी. वेळ एवढ्यासाठी की सायंकाळी सहाला गाडी दिली आणि त्याच रात्री आठला काही घडले, तर ती कुणाच्या ताब्यात होती हे त्या एका ओळीवरून सांगता यावे. खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवावी आणि गाडीसह त्याचे छायाचित्र काढावे. भाच्याच्या गिऱ्हाइकाने, तळेगावच्या एका तरुणाने, छायाचित्राला आनंदाने संमती दिली. त्याला ते स्वतःलाही हवे होते.

नाव बदलल्याचा संदेश मोबाइलवर आला तेव्हा भाचा परदेशी पोहोचून नऊ दिवस झाले होते. त्याने तो मला पुढे पाठविला आणि पाठोपाठ विचारले, ‘मामा, माळ्यावरचं खोकं रिकामं झालं का?’ त्यात सायलेन्सर आणि जुना हँडलबार अजून आहे. हँडलबारला गिऱ्हाईक मिळेलसे वाटते.